दिनकर म्हणेल तेव्हा

गुरुजींनी वास्तुपुरुष फरशीखाली बसवला, आरती झाली, तरी कुसुमावतींचं चित्त काही थाऱ्यावर येईना. तिसऱ्या मजल्यावर जमीन कुठून आणायची, म्हणून धीरजने आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी बिल्डरच्या माणसाकडून आधीच सैल ठेवून घेतली होती. नोएडात सगळं असंच. नळ आहेत, पाणी टँकरने. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट पुढच्या वर्षी. ते जिने चढताना राजाभाऊ सकाळी वाटेत बसत बसत वर आले, नव्या सोफ्यावर टेकले आणि मुलाच्या वास्तुशांतीच्या हवनालाही उठले नाहीत. लोकांना सांगितलं, गुडघा धरलाय.

गुडघा कसला. पाय घोट्यापाशी इतके सुजले होते की धीरजच्या चपला घालून आले होते बिचारे.

स्वयंपाकघरात क्षिप्रा दुधीच्या फोडी उकळून त्याचं पाणी ओतून देत होती. चार वर्षांपूर्वी सून म्हणून आली तेव्हा हिला फोडणी जमायची नाही, आणि आज सासऱ्याचं पथ्य तिलाच तोंडपाठ होतं. कुसुमावतींना याचं बरंही वाटत होतं आणि कुठेतरी टोचतही होतं.

"आई, बाबांचं पान वेगळं वाढू ना? की सगळ्यांसारखं वाढायचं आणि त्यांनी टाकायचं?"

"वेगळंच वाढ. टाकलेलं दिसलं की दहा जण विचारतील."

"आणि वेगळं वाढलेलं दिसलं की नाही विचारणार?" क्षिप्राने हात पुसले. "व्याही समोरच बसणार आहेत. डॉक्टर आहेत, आई. त्यांना काय समजणार नाही?"

व्याह्यांचं ताट कुसुमावतींनी स्वतः घासून पुसून वेगळं ठेवलं होतं, चांदीचं. त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

गोष्ट एवढीच होती, पण तीन दिवस घर तिच्यापायी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. गुरुवारी धीरजने ऑफिस बुडवून वडिलांना किडनीच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. कोणाला न सांगता. डॉक्टर तरुण होता, पंजाबी होता, आणि त्याला गोड बोलायला वेळ नव्हता. जुने रिपोर्ट पाहता पाहता तो मान वर न करता म्हणाला, "अंकलजी, एक साल पहले क्यों नहीं आए?" मग त्याने धीरजला सांगितलं ते असं: दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. डायलिसिसचं मशीन लावावं लागणार. वर्षापूर्वी आणलं असतं तर मशीनसाठी हातातली शीर आधीच जोडून तयार केली असती, ती पिकायला महिने लागतात. घरातलं कोणी किडनी देऊ शकतं का, तेही सावकाश तपासलं असतं. आता मानेत नळी घालायची. आणि तीही लगेच, उद्या-परवात.

राजाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, उठले, नमस्कार केला आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "दिनकर म्हणेल तेव्हा ॲडमिट होईन."

दिनकर म्हणजे डॉक्टर दिनकर आगाशे. दिल्लीत अर्जुन नगरात खाली दवाखाना, वर घर. राजाभाऊ लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हापासून या घरातला प्रत्येक ताप त्यांनी उतरवला होता. राजाभाऊंची साखर त्यांनीच पकडली, ब्लडप्रेशर त्यांनीच. आणि मग दोन मित्रांना शहाणपण सुचलं. एकाची मुलगी, दुसऱ्याचा मुलगा. वीणा आगाशांच्या मानसला दिली, आणि घरचा डॉक्टर व्याही होऊन बसला.

आता व्याह्याला कोण म्हणणार, की तुमच्या औषधाने गुण येत नाही?

राजाभाऊ मंत्रालयात तीस वर्षं होते. कोणाच्या डोक्यावरून फाइल वर पाठवणं त्यांना जन्मात जमलं नाही. दिनकरला बाजूला सारून इस्पितळात जाऊन पडायचं, तर ते तसंच झालं असतं. तो स्वतः म्हणाला 'जा', तर गोष्ट वेगळी. पण त्याला विचारायचं नाही, हीही अट त्यांनीच घातली होती. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. आज रविवार. कुसुमावती मनात म्हणाल्या, असा कसा हा माणूस, आणि त्याच्याशी माझी गाठ पडावी.

मागच्या बेडरूममध्ये पलंगाला अजून प्लास्टिक होतं. वीणा त्याच्या कडेवर बसली होती आणि धीरज दाराला पाठ लावून उभा होता. खिडकीबाहेर नुसते रिकामे प्लॉट आणि एक पाण्याची टाकी.

"मी आज बोलणार," धीरज म्हणाला. "सगळ्यांसमोर. तुझ्या सासऱ्यांना विचारणार, की क्रिएटिनिनचा आकडा सहा आला तेव्हा तुम्ही काय केलंत? सात आला तेव्हा? 'पुढच्या महिन्यात पाहू.' अरे, काय पाहू? पिक्चर आहे का?"

"हळू बोल."

"का? इथेही हळूच? यार वीणा, बाबा मरतायत."

वीणाला भावाचा राग आला. तो खरं बोलत होता म्हणून जास्तच आला. "तू बोलशील आणि इथे राहशील. मी संध्याकाळी त्यांच्याच गाडीतून घरी जाईन."

"अच्छा. म्हणजे तुझ्या घरासाठी बाबांनी..."

"मी म्हटलं का तसं? मी एकदा तरी म्हटलं का, की जाऊ नका?" तिचा आवाज चढला, मग तिनेच तो आवरला. "तुला आठवतंय ना ते वर्ष. सासूबाईंनी मला बँकेतली नोकरी सोड म्हणून सांगितलं, मी नाही म्हटलं, आणि मला बॅग भरून परत पाठवलं. मानस गप्प. सगळे गप्प. आप्पा एकटे आले होते घरी, बसने. आईच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, माझ्या सुनेला न्यायला आलोय, ती नोकरीसकट येईल. तेव्हा बाबा रडले होते, धीरज. त्यानंतर बाबा आप्पांना कधी नाही म्हणू शकले नाहीत. हे माझ्यामुळे झालंय. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

धीरजचा पारा उतरला. तो तिच्याशेजारी येऊन बसला, तसं प्लास्टिक चरचरलं.

"मग तूच सांग काय करायचं. उद्या सकाळी बेड मिळतोय. मी क्षिप्राच्या मामांकडून शब्द टाकून ठेवलाय. उद्या नाही तर परत कधी, माहीत नाही."

"उद्या बाबा जातील," वीणा म्हणाली. ते ती कशाच्या जोरावर म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

पंगत हॉलमध्ये जमिनीवर बसली. डॉक्टर आगाशांना मानाचा पाट होता आणि समोर राजाभाऊंना खुर्ची, स्टुलावर पान. गिरिजाबाईंनी, म्हणजे वीणाच्या सासूबाईंनी, बसल्या बसल्या फ्लॅटची तारीफ केली. हवा छान येते म्हणाल्या. मग म्हणाल्या, तशी धूळही येते.

डॉक्टर कमी बोलत होते. आजकाल ते कमीच बोलत. दवाखान्यासमोरच्या बाकावर पूर्वी जागा मिळायची नाही, लोक पायरीवर बसत. आता जुने पेशंट द्वारका, नोएडा, गुडगाव असे पांगले, त्यांच्या मुलांना कंपनीची विमा कार्डं मिळाली, आणि कार्डावर काचेच्या इमारतींची इस्पितळं. कोणी भांडून गेलं नाही. नुसते यायचे थांबले. एक राजाभाऊ तेवढा नोएडाला आल्यावरही दर शनिवारी दोन बस बदलून यायचा. ब्लडप्रेशर बघायला दोन मिनिटं लागत, आणि मग दोघं दिवेलागणीपर्यंत बसत. काल तो आला नव्हता. वास्तुशांतीची गडबड असेल, डॉक्टरांनी मनाशी म्हटलं होतं.

आता त्यांनी समोरच्या पानात पाहिलं.

जिलबी नव्हती, ते ठीक. साखरवाल्याच्या पानात नसतेच. पण बटाट्याची भाजीही नव्हती. अळूचं फदफदं नव्हतं. टोमॅटोचं सार सगळ्यांना वाढत वाढत क्षिप्रा आली आणि राजाभाऊंना टाळून पुढे गेली. लोणचं नाही, पापड नाही. नारळाचं खोबरं घातलेली कोशिंबीर नाही. पांढऱ्या भाताची एक मूद, फिकी दुधी, आणि पाण्याचा तांब्या नाहीच, एक छोटी वाटी.

हे पान कोणी घरच्या बाईने मनाने वाढलेलं नव्हतं. हे कोणीतरी सांगून वाढलेलं होतं, आणि ज्याने सांगितलं त्याला आपलं काम येत होतं. डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला.

"व्याही, आज अगदी मोजकं?" ते म्हणाले. चारचौघांत ते राजाभाऊंना व्याहीच म्हणत, अहो-जाहो करत, आणि एरवी दोघं त्यावर हसत.

"पोट जरा ठीक नाही," राजाभाऊ म्हणाले.

"पोट." डॉक्टरांनी मान डोलावली. "कोणाला दाखवलंत?"

कुसुमावती भाताचं पातेलं धरून उभ्याच राहिल्या. धीरज उठायला लागला, तसा क्षिप्राने त्याचा खांदा दाबून खाली बसवला.

"गुरुवारी," राजाभाऊ म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे, हे त्यांच्या नोकरीतलंही दुखणं होतं. "धीरज घेऊन गेला होता."

"दुसरा डॉक्टर केलात, व्याही?" गिरिजाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि आम्हाला शब्दाने नाही? इतक्या वर्षांत यांनी तुमच्याकडून कधी फी तरी घेतली का?"

"म्हणूनच तर..." धीरज बोलून गेला.

"धीरज," राजाभाऊ म्हणाले, आणि पोरगा गप्प झाला.

डॉक्टरांनी पानातलं सगळं संपवलं. मुकाट्याने, एकेक पदार्थ करत. मग आचवून म्हणाले, "मानस, गाडी काढ. मला जरा काम आहे." रविवारी त्यांना कसलं काम होतं, हे मानसनेही विचारलं नाही.

वीणाने त्यांना जिन्यात गाठलं. ते एका पायरीवर थांबून चप्पल नीट करत होते आणि ती होत नव्हती.

"आप्पा."

"तू वर जा, वीणा. तुझं माहेर आहे, पाहुण्यांचं बघ."

"आप्पा, त्या डॉक्टरांनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलंय. उद्या बेड आहे. बाबा जात नाहीत."

"का नाही जात? मी कोण अडवणार? मला कोणी विचारलंय का?"

"तुम्ही अडवत नाही हो. पण ते म्हणतात, दिनकर म्हणेल तेव्हा. गुरुवारपासून तेवढंच म्हणतात. मशीन लावलं नाही तर ते..." ती एक पायरी खाली आली. "तुम्ही एकदा जा म्हणा. तुम्हाला काय वाटतं ते वाटू दे, मला घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोला. पण आत्ता वर चला."

डॉक्टर कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना माहीत होतं. गेल्या थंडीपासून माहीत होतं. दर महिन्याचा कागद ते चष्म्याखालून वाचत, घडी करून ठेवत आणि चहा सांगत. मशीनवरचं जगणं म्हणजे काही जगणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला पटवून ठेवलं होतं. माणूस स्वतःच्या पायाने दवाखान्यात येतोय, तोवर येऊ दे. यात थोडं खरंही होतं, आणि त्या थोड्या खऱ्याचाच त्यांनी आधार घेतला होता.

त्यांनी चप्पल काढली आणि ते वर गेले.

राजाभाऊंना बाल्कनीत आणून बसवलं होतं. आत उलटीसारखं होत होतं म्हणून. समोर सेक्टरचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना लावलेली हातभर झाडं, आणि ओळखीचं कोणी नाही. लक्ष्मीबाई नगरात बाल्कनीत बसलं की तासात चार जण हाक मारत. नोएडात भाड्याच्या घरात येऊन सहा महिने झाले, तिथल्या शेजारच्या दारावर काय नाव आहे ते त्यांना सांगता आलं नसतं. बरं वाटत नाही हे सांगायलाही माणूस लागतो, असं त्यांना हल्ली वाटे. कुसुमला सांगितलं की ती रात्रभर जागायची. धीरजला सांगितलं की तो कोणावर तरी चिडायचा.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि वेताचा मोढा ओढून बसले. मग डॉक्टरांनी खाली वाकून मित्राच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना.

"किती आलंय?"

"नऊच्या वर."

"मार्चमध्ये माझ्याकडे..."

"सहा होतं. रिपोर्ट मलाही वाचता येतो, दिनकर. बाजूला छापलेलं असतं किती हवं ते."

"मग विचारलं का नाहीस?"

"काय विचारू? तुला झेपत नाही का, असं?" राजाभाऊंना धाप लागत होती, थांबून थांबून बोलत होते. "माझी पोर परत नेलीस तू. बायको विरुद्ध, मुलगा तोंड उघडेना, तरी नेलीस."

"त्याचा याच्याशी काय संबंध, राजा?"

"तुझ्या लेखी नसेल. मुलीच्या बापाच्या लेखी असतो."

खाली टँकर आला होता. बायका बादल्या घेऊन निघाल्या, कोणीतरी कोणावर तरी हिंदीतून खेकसलं.

"मला वाटायचं," राजाभाऊ म्हणाले, "आज म्हणेल. तू कागद उघडायचास ना, तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. आज म्हणेल, जा बाबा त्यांच्याकडे. मग तू म्हणायचास, चहा घेणार? मी हो म्हणायचो. इतकं एकटं मला कुठेच वाटलं नाही रे, जितकं तुझ्यासमोर बसून चहा पिताना वाटलं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते काही तरी म्हणणार होते, औषधांचं, पथ्याचं.

"पाठवलं की माणूस परत येत नाही," ते शेवटी म्हणाले. "तिकडचाच होतो. सगळे तसेच गेले. तू गेलास की मग मी शनिवारी काय करायचं, हे आलं मनात. आलं खरं. आता तू काय म्हणशील ते म्हण."

राजाभाऊंना राग यायला हवा होता; तो शोधायचीही ताकद अंगात उरली नव्हती.

"उद्या जा," डॉक्टर म्हणाले. "सकाळीच जा. मानेत नळी घालतील, घालू दे, त्याला घाबरू नकोस. आणि जमेल तेव्हा हातातली शीर करून घे. मी सांगतोय म्हणून जा."

"बरं."

"आत जाऊन सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग. वीणाला बरं वाटेल." राजाभाऊंनी डोळे मिटले. "तू येशील उद्या?"

"तिथे मला कोण विचारतंय."

"मी विचारतोय."

"बघतो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी आत जाऊन खरंच सांगितलं. उभ्याने, कोणाकडे न बघता, आजच्या आज बॅग भरा म्हणाले. कुसुमावतींचा जीव भांड्यात पडला आणि त्यांना रडू आलं. धीरज लगेच फोनला भिडला. त्याला आता भांडायला कोणी उरलं नव्हतं, आणि तेही त्याला जड जात होतं. क्षिप्राने व्याह्यांना विडा दिला. गिरिजाबाईंनी आपला स्वतः मागून घेतला.

संध्याकाळी परतताना गाडी मानस चालवत होता, शेजारी त्याची आई, मागे वीणा आणि आप्पा. निजामुद्दीनच्या पुलावर नेहमीचा जाम लागला होता. गिरिजाबाईंचं चाललं होतं, की इतकं केलं तरी माणसं शेवटी आपलंच खरं करतात, आणि यांना मेलं भोळेपण नडतं. मानस हूं हूं करत होता.

आप्पा खूप वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते. मग वळले आणि पुढे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "वीणा, माझ्याकडून उशीर झाला का गं?"

तिला उत्तर माहीत होतं. त्या घरात सात वर्षं ती तेच उत्तर देत आली होती, प्रत्येकाला, प्रत्येक गोष्टीवर: छे, असं काही नाही. ते आत्ता म्हटलं असतं तर आप्पा आज रात्री झोपले असते. तिच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला असता. त्यांना ठेवायचाच होता. आणि या माणसाचे उपकार तिच्यावर होते, ते तिने कधी नाकारले नव्हते.

तिला बाबांच्या पायाला पडलेला तो खळगा आठवला. बाल्कनीच्या दाराच्या काचेतून तिने पाहिला होता.

"हो, आप्पा," ती म्हणाली. "झाला."

त्यांनी मान हलवली, एकदाच, आणि पुन्हा खिडकीकडे वळले. पुढे गिरिजाबाई गाडी सावकाश घे म्हणून सांगत होत्या. त्या घरात वीणाच्या बाजूने बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि घर यायला अजून अर्धा रस्ता बाकी होता.